निंगेवाडीचा तिसरा लोटा

वर्तमानपत्र मागच्या पानापासून वाचायचे. चष्मा नाकावर असताना चष्माच शोधायचे. विनोद सांगण्याआधी स्वतःच हसून घ्यायचे. यात्रेकरू आला की आधी गाव विचारायचे, मग नाव.

काशीतल्या दूधविनायकच्या आमच्या गल्लीतले ढुंढिराजकाका दशाश्वमेध घाटावर उपाध्ये होते. घाटावर यात्रेकरू गावानुसार वाटलेले. ज्याच्या वहीत पूर्वजांची नावं, त्याचं ते गाव. काकांच्या वहीत निंगेवाडीच्या पाच पिढ्या होत्या.

१९९४च्या माघात निंगेवाडीचे बेचाळीस जण आले. गाव बेळगावकडच्या सीमाभागातलं. घरोघरी मराठीही, कानडीही. घाटावर शेजारच्या छत्रीखाली बसणारे शिवरामभट्ट कर्नाटकातल्या गावांचे उपाध्ये. ते उठून आले.

"गाव कर्नाटकात. म्हणजे माझं."

"माझी वही तुमच्या कर्नाटकाहून जुनी आहे!"

"वही ठेवा. नकाशा दाखवा, नकाशा!"

अर्धा तास हेच. यात्रेकरू ओल्या कपड्यांत कुडकुडत उभे. निंगेवाडी हे काकांचं सर्वांत मोठं गाव. ते गेलं तर छत्री ओस पडणार, हे मला ठाऊक होतं. एम.ए. होऊन मी घरीच होते, काकांची पत्रं लिहून देत होते.

काका एकदम थांबले. "भट्टजी, हम दोनों मूरख हैं. यांना कुणी विचारलंच नाही!"

त्यांनी दोन लोटे मांडले, वर पंचा टाकला. कुणाचा हात कुठे गेला ते दिसू नये म्हणून. मला फुटाण्यांची पुडी दिली.

"एम.ए.बाई, प्रत्येकाला एक फुटाणा. बायकांनाही. डावा लोटा माझा, उजवा यांचा."

"आणि हरलात तर?" मी कुजबुजले.

"हरलो तर हरलो. ओढून बसवलेला यजमान मनातून केव्हाच उठून गेलेला असतो."

मी फुटाणे वाटायला लागले.

पहिली आली गंगव्वा नावाची म्हातारी. फुटाणा मुठीतच.

"तिसरा लोटा कुठाय?"

"तिसरा कशाला, आजी?"

"आमचा! तुम्ही म्हणता तुमचं, हे म्हणतात ह्यांचं. गाव आमचंच की हो!"

घाटावर हशा पिकला. भट्टजींनीच हसत आपला तांब्या पुढे सरकवला.

भट्टजींना पाच, काकांना नऊ, गंगव्वाच्या तांब्यात अठ्ठावीस. ठरलं. वही गावाची, गावातच राहील. ज्याला जिथे बसावंसं वाटेल तिथे तो बसेल.

पाच पिढ्यांचा हक्क गेला, आणि काका फक्त नाचायचे बाकी होते. मतं सगळ्यांनी मिळून खाल्ली. मग निम्मे जण आपणहून काकांच्या छत्रीखाली आले.

दुसऱ्या दिवशी काकांनी लाल कापडी बांधणीची कोरी वही आणली. गावासाठी नावं उतरवू लागले. जुनी पानं मोडी लिपीत. ती त्यांनाच वाचता येत. रोज दुपारी एक पान. मधेच एखादं नाव वाचून खूष व्हायचे, मला ऐकवायचे.

आषाढात, चहा पिता पिता, काका गेले. मला अजून खरं वाटत नाही.

नवी वही तिसऱ्या पिढीवरच थांबली आहे. शेवटच्या ओळीत 'यशवंताची थोरली मुलगी' एवढंच लिहिलंय. पुढे नाव लिहायचं राहिलं.