नव्या विहिरीच्या जुन्या खाचा

माझ्यावर सर्वांत अधिक उपकार कुणाचे, असे कुणी विचारले तर मला उत्तर शोधावे लागत नाही. ते माझ्या थोरल्या बहिणीचे. तिला आम्ही सारे अक्का म्हणत असू. मी धुळ्याला बोर्डिंगात राहून शिकत होतो तेव्हा पिंपळनेरच्या रस्त्यावरल्या तिच्या सासरच्या गावाहून सर्व्हिस मोटारीने आठवड्यातून दोनदा माझ्यासाठी भाकऱ्यांचे फडके येई. भाकऱ्यांत एक चिठ्ठी असे : ‘मागले पुस्तक संपले. दुसरे पाठव.’ ती स्वतः मराठी तिसरीपर्यंतच शिकलेली. पण इतिहास, भूगोल, आरोग्यशास्त्र, माझे प्रत्येक जुने पुस्तक तिने वाचून काढले. आमच्या घराण्यात मी पहिला पदवीधर झालो, त्यात माझ्या हुशारीचा वाटा किती हे मला अजून सांगता येत नाही. तिच्या भाकऱ्यांचा किती, ते सांगता येते.

दुसरी जागतिक लढाई सुरू होण्याच्या आधीची दोन वर्षे मी धुळ्याच्या एका साप्ताहिकात नोकरी केली. मुद्रिते तपासायची, गावोगावची पत्रे नीट लिहून काढायची आणि कुठे समारंभ असला तर जाऊन बातमी आणायची, असे माझे काम. छापलेल्या अक्षराविषयी माझ्या मनात मोठा आदर होता. खिळे जुळवून तयार झालेला मजकूर कागदावर काळाभोर उमटला की तो खरा असलाच पाहिजे, असे मला आपोआप वाटे. मीच तो आदल्या दिवशी खरडलेला असला तरी.

दुसऱ्या वर्षी भर उन्हाळ्यात जिल्हा लोकल बोर्डाच्या एका मेंबरांचे बोलावणे आले. ते अक्काच्याच गावचे, मोठे शेतकरी. नाल्यापलीकडच्या वस्तीसाठी बोर्डाने विहीर मंजूर केली होती, ती बांधून पुरी झाली, उद्घाटनाला पेपरवाल्यांनी यावे, असा निरोप होता. ही वस्ती म्हणजे महारवाडा आणि भिल्लांची पंधरा-वीस घरे. गावच्या विहिरीला त्यांना हात लावू देत नसत. कुणी वरून ओतले तर पाणी मिळे, नाहीतर बायका नदीत झरे उकरून पाणी आणत.

मी गेलो. आंब्याच्या पानांचे तोरण, ताजा चुना, सिमेंटचा नवा कठडा. वाकून पाहिले तर खाली स्वच्छ पाणी, त्यात आभाळाचा तुकडा. मेंबरांनी छान भाषण केले. मग जेवण झाले आणि त्यांच्याच मोटारीने मी परतलो. अक्काच्या घरी डोकावण्याइतकाही वेळ त्यांनी मला दिला नाही आणि मीही मागितला नाही. ‘आमच्या प्रतिनिधीने स्वतः पाहिलेली विहीर’ असा मथळा मी मोठ्या अभिमानाने दिला.

पंधरा दिवसांनी सुट्टी काढून अक्काकडे गेलो. दुपारची वेळ होती. तिच्या ओट्यावर सात-आठ बायका पेरणीसाठी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. ओट्याखाली, थोडी दूर, वस्तीतली एक बाई तेच काम करीत होती. आणि अक्का आमचे साप्ताहिक मोठ्याने वाचीत होती. हा तिचा दर आठवड्याचा रिवाज आहे हे मला माहीतच नव्हते.

“पेपरमा बठ्ठं खोटं ऱ्हास,” एकजण शेंग फोडत म्हणाली. “मरेल मानसं तेवढा खरा.”

“ते बी नही व माय. मना मामाले गये साल मारी टाकं व्हतं. तो आजून तमाखू खास.”

सगळ्या हसल्या. पेपरात सगळेच खोटे, हे ऐकून मीही हसलो, पण मला ते लागले. अक्का मात्र हसली नाही.

“बठ्ठं खोटं म्हनाले काय लागस?” ती म्हणाली. “कोनतं खोटं ते सांगा.”

मग तिने घरातून मागल्या अंकांची चळत आणून माझ्यासमोर ठेवली. मी एकेक अंक उघडत गेलो आणि उघडतच राहिलो. जवळपासच्या गावांच्या प्रत्येक बातमीशेजारी काहीतरी खूण होती. बातमी खरी असल्याचे त्या गावाहून आलेल्या कुणाकडून कळले, तर हळदीचे बोट. खोटी निघाली, तर कोळशाची रेघ. काहीच कळले नसेल तर पानाचा कोपरा नुसता दुमडलेला. माहेरी आलेल्या मुली, बाजाराला जाणारे पुरुष, बोहारीण, कासार, जो कुणी ओट्यावर टेके त्याला ती विचारी. चार वर्षांचे अंक होते. हळद बरीच होती, कोळसाही होता. पण सर्वांत जास्त होते ते दुमडलेले कोपरे. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकलो होतो. जे आपल्याला कळलेले नाही ते कळलेले नाही म्हणून इतके दिवस तसेच ठेवायचे, एवढा धीर मी कुठल्या प्राध्यापकातही पाहिला नव्हता.

माझ्या बातमीशेजारी कोळशाची रेघ होती.

“अक्का, मी स्वतः पाहून लिहिले आहे,” मी म्हणालो.

ओट्याखालची बाई मान वर न करता म्हणाली, “नवी इहीर? आम्हले तं आजून दखाई नही.”

अक्का उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मला घेऊन निघाली. विहीर नाल्याच्या अलीकडे, मेंबरांच्या खळ्याला लागून होती. अलीकडे की पलीकडे, हे विचारायचे मला त्या दिवशी सुचलेच नव्हते. कठड्याच्या आतल्या बाजूला, सिमेंटच्या खाली जुन्या चिऱ्यांची कड होती. तिथे अक्काने माझा हात नेला.

“बोट घाल आठे.”

घातले. दगडात खाच होती, माझे बोट पेरभर आत गेले. तिच्या शेजारी दुसरी, तिसरी, अशा कितीतरी. आतून गुळगुळीत. चुन्याचा हात त्यांच्यावरूनही फिरला होता, म्हणून मला सगळे पांढरेच दिसले होते.

“या खाचा कसना शेत?” तिने विचारले.

कशाच्या असतील म्हणून मी आणखी दोन खाचांतून बोट फिरवले.

“दोरना. बाया पानी वढतस, दोर घासास. इतली खाच पडाले तीन पिढ्या लागतस, भाऊ. ही नवी इहीर शे?”

मी त्या खाचेत बोट घालून तसाच उभा राहिलो. मी ही विहीर पाहिली होती, वाकून पाहिली होती, तिच्या पाण्याचे वर्णन केले होते. मी जन्मात कधी पाणी शेंदले नव्हते. तिने मला कमी लेखणारा एक शब्दही उच्चारला नाही. परत येताना तिने फक्त एवढे सांगितले, की महिनाअखेर प्रांतसाहेब येऊन काम पुरे झाल्याचा दाखला देणार आहेत. तो एकदा दिला गेला की पलीकडे विहीर कधीच खणली जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी संपादकांपुढे उभा राहिलो.

“तुम्ही स्वतः पाहून लिहिलेत ना?”

“हो.”

“मग आता काय झाले?”

“आता पुन्हा पाहिले.”

ते वाईट गृहस्थ नव्हते. पण बोर्डाच्या जाहिराती आमच्या पत्राला मिळत, आणि त्या मेंबरांच्या शब्दावर मिळत. त्यांनी चष्मा पुसला. “छापून उपयोग काय?” ते म्हणाले. “लोक आपल्यावर विश्वास ठेवतात असे वाटते तुम्हाला?” शेवटी वाचकांच्या पत्रांत, माझ्या सहीने, चार ओळी छापायला ते तयार झाले : मी पाहिलेली विहीर जुनी आहे, मूळ बातमी चुकीची होती, वाचकांनी क्षमा करावी.

त्या चार ओळींचे गावात काय झाले ते मला पुढे कळले. मेंबरांनी चावडीवर दोन्ही अंक हातात धरून लोकांना दाखवले. “मांगे लिखं इहीर शे. ये हप्ते लिखं नही शे. पुढला हप्ताले लिखतीन, मेंबरच नही शे.” सारी चावडी खदखदा हसली. पेपर खोटेच असतात, हे तर प्रत्येकाला आधीपासून ठाऊक होते. त्या हसण्यात माझी चूकही बुडाली आणि माझी कबुलीही. सगळेच खोटे म्हटले की त्याचा फायदा कुणाला होतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजले.

प्रांतसाहेब आले त्या सकाळी मी गावात होतो. विहिरीभोवती गर्दी होती. मेंबरांनी सांगितले की पलीकडे खडक लागला म्हणून अलीकडे खणली. साहेबांनी मान हलवली. मी पुढे झालो, चार ओळी लिहिणारा तो मीच असे सांगितले, आणि त्यांना वाकायला लावून खाचा दाखवल्या. साहेबांनी बोट घालून पाहिले.

“दगड जुनेच आहेत, साहेब,” मेंबर शांतपणे म्हणाले. “एका पडक्या विहिरीचे चिरे आणून वापरले. बोर्डाचा खर्च वाचवला.”

पुन्हा हशा झाला. माझ्याजवळ पुढे काही नव्हते. मी अक्काकडे पाहिले. ती बायकांत उभी होती, तीही चिऱ्यांकडेच बघत होती. साहेबांनी कारकुनाच्या हातून दाखल्याचा कागद घेतला, सहीसाठी टाक मागितला.

तेवढ्यात गर्दी फाकली. ओट्याखाली शेंगा फोडणारी ती बाई डोक्यावर माठ आणि हातात दोर-बादली घेऊन आली. तिच्यामागे वस्तीतल्या आणखी तिघी. साहेबांपासून सात-आठ हातांवर ती थांबली.

“साहेब, कागदवर लिखेल शे का ही आमनी इहीर शे,” ती म्हणाली. “मंग मी पानी भरू का?”

साहेबांनी मेंबरांकडे पाहिले. “भरू दे की. हिच्यासाठीच आहे ना?”

मेंबरांचे तोंड अर्धे उघडले. मला वाटते, ते ‘हो’ म्हणणारही होते. त्यांनी ते म्हटले असते तर पुढे काय झाले असते याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. बाई पुढे सरकली, बादली कठड्यावर टेकली. आणि खळ्यात बाजेवर बसलेली मेंबरांची म्हातारी चुलती, जिला या सगळ्यातले काहीएक सांगितलेले नव्हते, काठी आपटत उठली.

“सरक मांगे. इहीर बाटाडस का आमनी? मना सासरानी खंदेल इहीर शे ती.”

बाईने बादली काढून घेतली. ती रागावली नाही, हसलीही नाही. साहेबांकडे बघत नुसती उभी राहिली. मी माणसे उभी राहिलेली पुष्कळ पाहिली आहेत, सभांतून, कोर्टांतून; तसे उभे राहणे पुन्हा पाहिले नाही. साहेबांनी टाक कारकुनाला परत दिला आणि म्हातारीला अदबीने विचारले, “आजी, तुमच्या सासऱ्यांनी कधी खणली?” म्हातारी खूश झाली आणि तिने सगळी हकीकत सांगितली.

मी घरी आल्यावर अक्काचे पाय धरले. तिने ते मागे ओढले. “मना पाय काब्रं धरस? ते माले सुचनं नही. तिले सुचनं.”

पुढल्या पावसाळ्याआधी वस्तीतच विहीर खणली गेली. बारा हातांवर पाणी लागले. खडकबिडक काही लागला नाही. मेंबर पुढल्या निवडणुकीतही निवडून आले, हेही लिहिले पाहिजे. मला त्या नोकरीत फार दिवस ठेवले नाही आणि मी जळगावला शाळेत मास्तर झालो. प्रांतसाहेब येऊन गेल्यावर चौथ्या दिवशी मी अक्काला एक पत्र पाठवले होते. तिच्या मुलाने ते मला अलीकडे परत दिले. ते असे :

ती. सौ. अक्कास शि. सा. न. वि. वि.

त्या दिवसाची सर्व हकीकत मी लिहून काढली आहे, ती सोबत पाठवतो. माझी चूक पहिल्याच परिच्छेदात आहे. संपादक छापायला तयार आहेत, कारण आता धुळ्यात सगळीकडे हीच गोष्ट चालू आहे. त्यांना त्या बाईचे नाव हवे आहे. मी दिलेले नाही. खरे सांगायचे तर ते मला माहीतही नाही, कारण मी विचारले नाही, आणि याची मला लाज वाटते.

तू तिला हे सगळे वाचून दाखव. मधले काही गाळू नकोस. जिथे चुकले असेल तिथे तिला थांबवू दे, आणि ती म्हणेल तसे माझे वाक्य बदल. मग तिला विचार, नाव छापू का. छापले तर उद्या गावात तिला कामाला कोण बोलावील, आणि कोण नाही, हे मला इथून दिसत नाही. तुम्हा दोघींना दिसते. ती नको म्हणाली तर नाव येणार नाही. ती हे सगळेच नको म्हणाली तर यातली एक ओळही येणार नाही.

संपादकांना मी सांगितले आहे की तुझे उत्तर येईपर्यंत मजकूर जुळवायला देणार नाही. ते रागावले आहेत. या आठवड्याची जागा बाजारभावांनी भरू म्हणाले. भरू देत. तिला घाई करू नकोस.

मुलांना आशीर्वाद. दाजींना नमस्कार.

तुझा
धाकटा भाऊ