दत्ताशी भांडण

सकाळी दत्ताच्या घरून वहिनींचा फोन आला. "भावजी, हे गेले," एवढंच त्या बोलल्या. मी मुलुंडहून घाटकोपरला निघालो, पण डोक्यात एकच घोळत होतं... आदल्या संध्याकाळी मी दत्ताशी भांडलो होतो.

खरं तर आमची मैत्रीच भांडणातून झाली. घाटकोपरच्या एका कोपरा सभेत तो पुढे टाळ्या वाजवत होता आणि मी मागून वक्त्याला प्रश्न विचारत होतो. सभा संपल्यावर त्याने मला गाठलं, चहा पाजला आणि माझा पक्ष कसा बुडणार ते समजावून सांगितलं. तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीत आम्ही एकमेकांचा पक्ष बुडवत आलो. वहिनींना यातलं काही आवडायचं नाही. आमचा आवाज चढला की त्या उठून आत जायच्या.

मग दत्ताच्या हृदयाने दगा दिला. पालिकेची निवडणूक तोंडावर आली होती. इस्पितळातून तो घरी आल्यावर मी भेटायला गेलो, तर वहिनींनी दारातच हात जोडले. राजकारण तेवढं काढू नका, म्हणाल्या. मी आपला तुंबलेल्या गटारावर, डासांवर, स्वतःच्या गुडघ्यांवर बोलत राहिलो. दत्ताने मुद्दाम माझ्या उमेदवाराची सालं काढली. मी म्हटलं, असेल बाबा. त्याचा चेहराच उतरला.

"तू भांडत नाहीयेस," तो म्हणाला. "डॉक्टर काय बोलले रे? खरं सांग ना यार."

त्याला सांगितलं होतं त्याहून वेगळं डॉक्टर काही बोलले नव्हते, पण त्याला ते पटेना. गप्प राहावं तर हा घाबरतोय, तोंड उघडावं तर... मी वहिनींकडे पाहिलं. "भांडा," त्या म्हणाल्या. मग भांडलो, दबक्या आवाजात, त्याच्या छातीवर नजर ठेवून. दत्ता खुलला. आणि पहाटे गेला.

बोलण्याने असं काही होत नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण डॉक्टरांनी आम्हाला भांडताना कुठे पाहिलं होतं? तेराव्यानंतर निवडणूक होऊन माझा उमेदवार निवडूनही आला, पण मी त्या घराकडे फिरकलोच नाही. वहिनींच्या नजरेची धास्ती वाटत होती.

गेल्या रविवारी त्यांनीच बोलावून घेतलं. चहा दिला आणि दत्ताच्या खुर्चीत बसल्या. त्या संध्याकाळी तो कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला, असं त्यांनी सांगितलं. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि विचारलं, तुमच्या नगरसेवकाने निवडून येऊन काय दिवे लावले? मी चाचरत त्याची बाजू मांडू लागलो.

"हळू का बोलताय भावजी?" त्या म्हणाल्या. "नीट भांडा."