दोनदा नको म्हणणारा पाहुणा

प्रभावतीबाईंचा आवाज एसटी स्टँडापर्यंत जातो, असं जाफराबादेत म्हणत. खोटं आहे. पानटपरीपर्यंतच जायचा. त्या आवाजात बाई वीस वर्षं मराठी शिकवत आल्या. धडा संपला की, "समजलं का रे?" वर्गानं छपराचे पत्रे हलवत "होऽऽ" म्हणायचं. दोघांचीही सोय.

२००९च्या सहामाहीत मात्र नववीचा वर्ग उताऱ्यावर आडवा झाला. उतारा साधा, कुठल्याशा शहरातला: पाहुणा येतो, दोनदा चहा नको म्हणतो, गप्पा मारून जातो. 'पाहुणा कसा वाटतो?' याला उत्तर हवं होतं, 'समाधानी.' जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं, 'नाराज.' बाईंनीच लाल शाईनं भोपळे दिले होते.

मुख्याध्यापक सर्जेराव म्हणाले, "ह्यांना वाचताच येत न्हाई. शनिवारी नावं द्या, कच्ची तुकडी वेगळी काढून राह्यलो."

कच्च्या तुकडीतलं कुणी पुढं दहावीला बसल्याचं बाईंना आठवेना. त्यांची झोप उडाली. झोपेवर त्यांचा फार जीव, हे त्यांच्या नवऱ्याला विचारा.

जालन्याच्या प्रशिक्षणात त्यांनी एक गंमत पाहिली होती. इंटरनेटवरच्या एका पानावर उतारा टाकायचा. पोरांनी हव्या त्या ओळीच्या बाजूला मनात आलेलं लिहायचं, आणि एकाचं लिहिलेलं सगळ्यांना दिसायचं. शाळेतले तीन कॉम्प्युटर चालू होते. बाईंनी पाळीपाळीनं एकेका खुर्चीवर दोघं-दोघं कोंबली.

पहिली टीप आली: 'बाई, देवानंद सगळी खुर्ची घेऊन राह्यला.'

मग कौसल्या, जी वर्गात "होऽऽ"सुद्धा हळू म्हणायची, तिनं लिहिलं: 'दोनदा नको म्हणायचं असतंच. तिसऱ्यांदा इचारलंच न्हाई.'

खाली दुसरी: 'बिचारा तसाच गेला.'

तिसरी: 'माझी मामी अशीच हाय.'

बाई खुदकन हसल्या. पोरांनी उतारा वाचला होता, आपल्या घरातल्या रीतीनं वाचला होता. सगळंच काही गोड नव्हतं म्हणा. देवानंदच्या टिपा तिसऱ्या ओळीनंतर आटल्या होत्या. पण तो नेमका कुठं अडतो, हे बाईंना पहिल्यांदाच कळत होतं.

शनिवारी त्या रिकाम्या हातानं सर्जेरावांकडे गेल्या.

"या बाई. चहा?"

"नको सर."

"थोडा तरी?"

"नको, नको."

"अहो घ्या हो!" सर्जेरावांनी शिपायाला दोन बोटं दाखवली.

"सर, मी दोनदा नको म्हणाले. तरी का मागवला?"

"अवो, नको म्हणलं म्हणून कुणी तसंच पाठवतं का? बरं दिसंल का ते?"

"पोरांनी तेच लिहिलंय. चला, पानावर दाखवते."

सर्जेराव कॉम्प्युटरपुढं बसून मामीच्या टिपेपर्यंत आले आणि पोट धरून हसले. कच्च्या तुकडीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

सोमवारी बाईंनी वर्गात "समजलं का रे?" विचारलंच नाही. देवानंदला कॉम्प्युटरपुढं बसवलं, आख्खी खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "चौथी ओळ. काय वाटतं ते लिही."

तो लिहू लागला.