दोघांचा एकच क्लेम

एकट्यानं आलेल्या माणसाचा टॅक्सचा फॉर्म मंदाताई भरत नसत. नवरा आला तर बायको कुठे, बायको आली तर नवरा कुठे, हे आधी विचारायच्या. जोडीनं या, नाहीतर चहा प्या आणि जा. कोणी कुरकुर केलीच तर म्हणायच्या, "सत्यनारायणाला बसता ना जोडीनं? मग हेही तसंच आहे बाप्पा."

मूळच्या नागपूरच्या. आयर्लंडमधल्या नावन गावात एका ऑफिसात हिशेब बघायच्या आणि आमच्यासारख्या तिथल्या मराठी लोकांचे टॅक्स रिटर्न स्वयंपाकघरातल्या टेबलावर, फुकट. तोंड मात्र तिखट. अर्धवट कागद घेऊन आलेल्या एका डॉक्टरला त्यांनी विचारलं होतं, "पेशंटची फाईलही अशीच ठेवतोस काय रे?" गेल्या वर्षी ताई गेल्या, आणि मला आठवतो तो एका ऑक्टोबरातला रविवार.

त्या रविवारी मी एकटीच गेले होते. माझा नवरा संजय आणि मी एका घरात राहूनही बोलत नव्हतो. वेगळं व्हायचं ठरलंच होतं. आमची मुलं, मुग्धा आणि ओंकार, दोघंही कॉलेजात, दोघांची पूर्ण फी आम्हीच भरलेली. टॅक्समधल्या सवलतीसाठी मुग्धाच्या फीचा क्लेम त्यानं करायचा, ओंकारच्या मी, असं आम्ही मेसेजवर ठरवलं होतं.

ताईंनी ऐकून घेतलं. "सवलत मोजण्याआधी फीतून सुरुवातीची ठरावीक रक्कम वजा करतात. दोन क्लेम केले तर दोनदा, एकत्र केला तर एकदाच. नुकसान कशाला करता?" मग चष्मा काढून म्हणाल्या, "आणि काय गं, पोरं वाटून घेतली काय तुम्ही?"

त्यांनीच संजयला फोन लावला. लिक्सलिप गावातल्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यातली शिफ्ट संपवून तो थेट तिथे आला आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसला.

"फीचे पैसे कुठून काढले?" ताईंनी विचारलं.

"मुलांच्या शिक्षणासाठी साठवलेल्या खात्यातून," मी म्हणाले.

"त्यात भरले कोणी?"

संजय 'मी' म्हणेल, याची मला खात्री होती. तो टेबलाकडे बघत म्हणाला, "बरेचसे हिनं. हॉस्पिटलात नाइट ड्युट्या करून. मी घरी झोपलेला असायचो."

इतक्या वर्षांत हे तो कधी बोलला नव्हता. मी रडले, आणि मला त्याची लाजही वाटली नाही. "दूध संपलंय, आणते," म्हणून ताई बाहेर पडल्या. फ्रिजमध्ये दूध होतं. त्या परतल्या तेव्हा बाहेर अंधार पडत आला होता, आणि हातात दुधाची पिशवीही नव्हती.

क्लेम एकच भरला. निघताना संजय आपल्या गाडीपाशी थांबला आणि नुसतं "बस" म्हणाला. मी बसले.

माझी गाडी आठवडाभर ताईंच्या दारात उभी होती. ती कधी नेणार, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही.