किसनची विलायती वडी

फट् फट् फट् फट्.

पितळी पातेल्यात लाकडी डाव आपटल्याचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. रोज दुपारी खाणीत सुरुंग उडायचे, अख्खा बंगला हलायचा. तो आवाज मी विसरलो. हा नाही विसरलो.

बालाघाटजवळच्या मँगनीजच्या खाणीवर, साहेबांच्या बंगल्यात मी माळी होतो. किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. पन्हाळीत पाला साचतो तसे ते साचतात, आणि एक काढायला गेलं की खाली दुसरा असतो. बंगल्यावरचं जुनं कुणी भेटलं की आधी तब्येतीची चौकशी होते आणि लगेच किसनची वडी निघते.

किसन बंगल्यावरचा स्वयंपाकी, माझ्यासारखाच किरनापूरकडचा. 'येत नाही' एवढे दोन शब्द त्याला कधी बोलता आले नाहीत. एकदा कुणी गोरा इंजिनिअर खाण बघायला आला आणि साहेबांच्या बेबीला मऊ, पांढऱ्या मिठाईचा डबा देऊन गेला. डबा संपला आणि बेबी रडायला लागली.

बाईसाहेबांनी विचारलं, "किसन, हे मार्शमेलो घरी जमेल?"

"हौ, जमते ना बाईसाहेब."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "तुले येते का रे हे?"

"सदूभाऊ," तो म्हणाला, "हे खातात का अंगाले लावतात, तेच मले समजून नाही राह्यलं."

*

साहेबांच्या आईला आम्ही माई म्हणायचो. त्यांचं सोवळं कडक. मागच्या व्हरांड्यात त्यांची वेगळी शेगडी होती. किसननं त्याच सुमारास बुद्धाचा धर्म घेतला होता. माईंच्या लेखी त्यामुळं काहीच बदललं नाही; आधीही त्याच्या हातचं पाणी चालत नव्हतं, नंतरही चाललं नाही. त्यांना काही द्यायचं तर किसन ते उंबऱ्यावर ठेवून मागे सरायचा, मग माई उचलायच्या. त्याचं नावही त्या घेत नसत. "त्याला सांगा," एवढंच.

स्वयंपाकाला रामपायलीचा ब्राह्मण आचारी, महाराज ठेवावा, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. शेवटी बाईसाहेबांनी मधला मार्ग काढला. बेबीच्या वाढदिवसाला ती मिठाई जमली तर किसन राहील, नाही तर महाराज येईल.

अशी किसनची नोकरी एका अशा वस्तूवर टांगली गेली, जिचं नावही त्याला धड घेता येत नव्हतं. तो तिला विलायती वडी म्हणायचा.

*

बाईसाहेबांजवळ कुठल्याशा मासिकातली कृती होती. साखर, पाणी आणि जिलेटिन. त्यांनी बशीर ड्रायव्हरला जिलेटिन आणायला पाठवलं. खाणीवर जिलेटिन म्हणजे सुरुंगाच्या कांड्या. बशीर सरळ दारूगोळ्याच्या गोदामावर गेला.

तिथल्या बाबूनं विचारलं, "काहून पाहिजे?"

"बेबी का जनमदिन है."

"जनमदिन करून राह्यले का बंगला पाडून राह्यले?"

पुढं नागपूरहून खरी भुकटी आली. तरीही किसनचं पातेलं चुलीवर असेपर्यंत बशीर स्वयंपाकघरात चहा प्यायला यायचा नाही.

*

पहिल्या दिवशी वडी झालीच नाही. पाक ताटाला चिकटला, ताट टेबलाला आणि किसन ताटाला. बाईसाहेब म्हणाल्या, फेकून दे. मी ते खरवडून पेरूच्या झाडाखाली टाकलं. सकाळी तिथं काही उरलं नव्हतं, नुसत्या मुंग्या फिरत होत्या.

किसन वाकून बघू लागला. "पाह्य सदूभाऊ, मुंग्यायले तरी आवडली."

*

दुसऱ्या वेळी फेस छान फुगला. मग खाणीत सुरुंग उडाला आणि वडी खाली बसली. किसननं दोष खाणीवर ढकलला. बाईसाहेबांनी तो जेवताना साहेबांपर्यंत पोचवला. दुसऱ्या दिवशी सुरुंग अर्धा तास उशिरा उडाला. का, ते खाणीत कुणालाच कळलं नाही.

त्या दिवशीची वडी मात्र सुरुंगाच्या आधीच बसली होती.

*

पण किसन सुधारत गेला. पाक कधी उतरवायचा ते हाताला कळू लागलं. मग वासांचे प्रयोग सुरू झाले. माझ्या गुलाबाचा वास लागेना, संत्र्यानं फेस फाटला. एक दिवस त्यानं मोहाची फुलं उकळून त्याचा रस घातला. त्याच दिवशी क्लबातल्या बायका चहाला आल्या. मोहाचं नाव काढलं तर नाकाला पदर लावणाऱ्या त्या बायकांनी ताट रिकामं केलं.

"काय सुरेख फ्लेवर आहे. कुठला गं?"

बाईसाहेबांनी किसनकडं पाहिलं. किसन म्हणाला, "विलायती हाय जी."

*

सगळं जमलं असं वाटलं, तेव्हा दवाखान्यातला कंपाउंडर माईंना सांगून गेला की जिलेटिन हाडांपासून बनतं. वाढदिवस दोन दिवसांवर होता. माई उंबऱ्यापलीकडे येऊन उभ्या राहिल्या.

"त्यात हाडं असतात म्हणे. त्याला विचारा."

तिथं मी आणि किसन दोघंच होतो. विचारणार कोण? किसननंच उत्तर दिलं. "हौ माई, असतात."

खोटं बोलला असता तर निभलं असतं. बाईसाहेबांनीही तेच म्हटलं. पण रामपायलीला निरोप गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी फुलं घेऊन गेलो तर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर काचेची बरणी होती. आत धावड्याचा डिंक. हिवाळ्यात माई त्याचे लाडू करायच्या. बरणी कुणी ठेवली, ते किसननं विचारलं नाही. मीही नाही.

डिंक भिजवून, गाळून त्यानं पाकात घातला आणि आम्ही दोघं आळीपाळीनं दिवसभर डाव आपटत राहिलो. फट् फट् फट्. हात सुजले. पहिल्यासारखा फेस आला नाही, पण पांढरा आला.

वाढदिवसाच्या सकाळी महाराज पहिल्या बसनं आला आणि पिशवी मांडीवर घेऊन व्हरांड्यात बसला. तिथून स्वयंपाकघराचं दार समोरच दिसायचं. किसन वड्या कापत होता. त्याचे हात साखरेच्या पिठीनं कोपरापर्यंत पांढरे झाले होते. माई आल्या. किसननं एका बशीत वडी घातली, बशी उंबऱ्यावर ठेवली आणि नेहमीसारखा मागे सरला.

माई वाकल्या नाहीत. त्यांनी हात पुढं केला.

किसननं माझ्याकडं पाहिलं. त्यानं बशीतली वडी उचलली आणि माईंच्या तळहातावर ठेवली. त्याच्या बोटांची पिठी त्यांच्या हाताला लागली. माईंच्या तोंडात दात नव्हते. वडी त्यांनी सावकाश, उभ्या उभ्याच खाल्ली. हात पदराला पुसला नाही.

"किसन," त्या म्हणाल्या, "आणखी एक दे. मोठी बघून."

व्हरांड्यात महाराज उठला. त्यानं पायांत चपला घातल्या, पिशवी खांद्याला लावली आणि फाटकाकडं चालू लागला.