बाबांसाठी केलेलं हत्यार
सुरीला धार लावायला दगडावर पाणी मारलं की ओल्या लोखंडाचा वास येतो आणि मला दहिसरच्या चाळीमागची पत्र्याची शेड आठवते. संप फसला, गिरणी सुटली, आणि बाबा त्या शेडमध्ये लेथवर लाकडी लाटणी करायला लागले. सकाळपासून उभे. पाच-सहा लाटणी झाली की पटाशी बोथट व्हायची, मग स्टुलावर बसून ते ती दगडावर घासायचे. मी तेव्हा एका वर्कशॉपमध्ये लोखंड कापायच्या मशिनवर होतो. तिथे फेकायला काढलेल्या कार्बाइडच्या टिपांतली, म्हणजे मशिनच्या कडक, छोट्या पात्यांतली, एक बरी, गोल टिप मी मागून घेतली, सळईच्या टोकाला आटे पाडून स्क्रूने बसवली आणि मागे लाकडी मूठ ठोकली. माझे चार रविवार त्यात गेले. बाबांना म्हटलं, "ह्याला धार लावायलाच नको. झिजली की टिप जराशी फिरवायची, बस." त्या दिवशी लाटणी झकास निघाली, नेहमीपेक्षा जास्तच. दुसऱ्या दिवशी बघतो तर हातात पुन्हा जुनी पटाशी. "जमत नाही का ते?" मी चिडूनच विचारलं. "बरा आसा रे," बाबा स्टुलावर टेकत म्हणाले, "पण धारच लावची नाय, तर मी बसतलंय कधी?" आता मी त्यांच्या वयाचा झालोय. ते हत्यार कपाटात आहे, अजून कापतं. मी मात्र रोज संध्याकाळी सुरी घेऊन दगडापाशी बसतो. धार केव्हाच आलेली असते, तरी उठत नाही.