गोऱ्या अक्काचं केळवण

मला पुरणपोळीचा वास सहन होत नाही. लोकांना वाटतं, म्हातारीचे नखरे. वाटू दे. आयुष्यभर पायाने अधू असलेल्या बाईने निदान एवढा तरी नखरा करावा.

आम्ही बंगळूरचे जुने मराठी. किती पिढ्या इथे झाल्या ते देवालाच ठाऊक. घरात बोलणं मराठीच, पण अर्धं कन्नडात भिजलेलं. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. त्यांचं चिक्कपेटेत कापडाचं दुकान होतं आणि घर बसवनगुडीत. मी लहान असताना एका तापात माझा उजवा पाय गेला. पोलिओ. पोटरी वाळली, टाच वर ओढली गेली आणि मी घरभर बसून सरकायला लागले. आईने बनशंकरीला नवस बोलून ठेवला, की पोर चालत दर्शनाला येईल. देवीने काही मनावर घेतलं नाही.

मी नऊ वर्षांची होते तेव्हा एक गोरी बाई परदेशातून आली. साठ सालच्या आसपासची गोष्ट. एक वर्ष पगार न घेता काम करायचं, असं ठरवून आलेली. आमच्या रस्त्याच्या टोकाला एक धर्मादाय दवाखाना होता, तिथे ती मुलांच्या हातापायांचे व्यायाम घ्यायची. राहायला आमच्या माडीवरची खोली दिली होती. तिचं नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून तिची झाली गोरी अक्का.

रोज संध्याकाळी दवाखाना सुटला की ती मला चटईवर आडवं करायची. गरम पाण्यातून पिळलेलं लोकरीचं फडकं पोटरीला गुंडाळायची. मग एका हाताने टाच खाली ओढून धरायची आणि दुसऱ्या हाताने पाऊल वर ढकलायची. देवा रे देवा! मी किंचाळायचे, रस्त्यावर ऐकलेल्या होत्या नव्हत्या त्या कन्नड शिव्या तिला द्यायचे. तीही कन्नडातच 'सरी, सरी', म्हणजे बरं बरं, म्हणायची, पण पाय सोडायची नाही. आई तेवढा वेळ मागच्या अंगणात जाऊन बसायची. तिला माझं रडणं ऐकवत नसे.

हळूहळू टाच खाली आली. मग लोखंडी पट्ट्यांचा बूट आला, कॅलिपर. दिवाळीच्या सुमारास एका संध्याकाळी मी खिडकीचे गज सोडले आणि ओसरीपर्यंत चालत गेले. चालत! अण्णा नुकतेच दुकानातून आले होते. ते नुसते 'बरं, बरं' म्हणाले आणि तोंड धुवायला गेले. बराच वेळ धूत होते.

वर्ष संपत आलं, तेव्हा तिने अण्णांना बसवून इंग्रजीत समजावलं. तिच्या जागी दुसरं कुणी येणार नव्हतं. माझी वाढ पुरी होईपर्यंत हा व्यायाम रोज व्हायलाच हवा, नाहीतर शीर पुन्हा आखडेल, टाच वर जाईल आणि बूट चढणार नाही. आता एक महिना उरलाय, रोज संध्याकाळी आईचे हात धरून मी शिकवीन, असं ती म्हणाली. अण्णांनी आईला सांगितलं. आईने मान डोलावली.

आणि मग आईच्या डोक्यात केळवण आलं. लग्न ठरलेल्या मुलीला नातेवाइकांनी घरोघर बोलावून जेवू घालायचं, ते केळवण. "पोर आपल्या घरी निघालीय, आईबापांपासून लांब राहिली वर्षभर. आपण नाही तर कोण करणार तिचं?" पहिलं आत्याकडे झालं. आत्याने चिरोटे केले म्हटल्यावर मावशी कशी मागे राहील? तिने पुरणपोळीचा घाट घातला. मग अण्णांच्या ओळखीचे दुकानदार, मग सारी मराठी घरं. हिच्याकडे गेलात मग आमच्याकडे का नाही? एकेक करत सगळ्या संध्याकाळी गेल्या.

मलाही उचलून न्यायचे. पानावर मांडी घालून बसायचं, आणि कॅलिपर घालून मांडी घालता येत नाही, म्हणून तो घरी काढून ठेवायचा. मी खूश होते. दुखणं चुकलं आणि वर पोळी मिळाली, नऊ वर्षांच्या पोरीला आणखी काय हवं?

दुपारी कधी घरी असली तर ती गरम फडकं घेऊन माझ्याजवळ बसायची आणि आईला म्हणायची, "तुम्ही या, शिका." आई ते फडकंच तिच्या हातातून काढून घ्यायची. केळवण सुरू झालेल्या मुलीला आमच्यात कामाला हात लावू देत नाहीत. "नको गं बाई. निघायच्या दिवसांत तुला राबवलं तर लोक तोंडात शेण घालतील माझ्या." ती परक्या घरातली पाहुणी, किती भांडणार? एकदा मात्र रागाने उठून माडीवर गेली. आई म्हणाली, घरची आठवण येत असेल बिचारीला.

स्टेशनवर तिला पोचवायला अर्धी बिरादरी आली होती. आईने तिला रेशमी साडी नेसवली होती, ओटी भरली होती. गाडी सुटायला थोडाच वेळ होता. अचानक ती तशीच, ओटीतला नारळ बाजूला ठेवून, फलाटावर गुडघे टेकून बसली. मला बाकावर बसवलेलं होतं. तिने आईचा हात खेचून माझ्या टाचेवर ठेवला, वर आपला हात दाबला आणि म्हणाली, "असं. रोज. असं." ती रडत होती. भोवती माणसं जमली. आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "सरी सरी, कळलं, ऊठ आता, सगळे बघतायत," म्हणत तिने हात सोडवून घेतला. गाडी गेली. परतताना टांग्यात आत्या म्हणाली, काय थाटात पाठवणी झाली! दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, ते उगाच नाही.

आईने नंतर काहीच केलं नाही, असं नाही. फडकी गरम केली, पाऊलही ढकलून पाहिलं. पण कुठे धरायचं आणि किती जोर लावायचा ते तिला कळेना. मी ओरडले की ती माझ्याआधी रडायची आणि सोडून द्यायची. मग आज सण, उद्या पाहुणे. दवाखान्यात विचारलं, तर तिथे ते येणारं कुणी नव्हतं. मला आईचा राग येतो. ती जाऊन इतकी वर्षं झाली, तरी येतो. माया कमी होती, असं म्हणायचीसुद्धा सोय तिने ठेवली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी टाच बुटात उतरेना. आईने एरंडेल लावलं, पुन्हा ढकललं. तिच्या कपाळावर घाम आला. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी म्हटलं, "राहू दे गं आई. मला बसूनच बरं वाटतं."

आईने लगेच बूट काढला. थांब, अजून एकदा बघू, असं म्हणाली नाही. किती हलकं वाटलं तिला, ते चेहऱ्यावर लख्ख दिसलं मला. मग तिने मला कडेवर उचललं आणि जेवायला नेऊन बसवलं.